मारुतीच्या मायची बाज

परवा संक्रांतीनंतरच्या इतवारी आम्ही दरसालप्रमाणे बदनापूर स्टेशनवर जमलो... पुन्हा तिघेच. जालन्याच्या जिनिंगमध्ये काम करणारा युसूफभाई, बदनापूरचाच कोंडिबा आणि तीर्थपुरीहून धूळ खात आलेला मी, दत्तू. चौथा, हसनाबादचा मारुती, याही साली आला नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. लढाईच्या दिवसांत आम्ही चौघांनी राजीखुशीने ॲम्ब्युलन्सच्या तुकडीत नाव घातलं आणि दर्यापार मिसरला, म्हणजे इजिप्तला गेलो. बंदूक नाही, काही नाही... जखमी माणसं उचलून दवाखान्याच्या तंबूत न्यायची. स्ट्रेचरला चार दांडे आणि आम्ही चार जण.

फौजेत सगळे कदम मिळवून चालतात. आम्हाला मात्र कदम तोडून चालायला शिकवलं होतं, कारण चौघांचे पाय एकदम पडले की स्ट्रेचर झोके घेतं आणि जखमी माणूस कळवळतो. ती सवय अजून गेलेली नाही... बदनापूरच्या बाजारातून आम्ही तिघे निघालो की लोक आमच्या पायांकडे बघून हसतात.

काय दिवस होते ते! मारुती धनगराचा, समुद्र कधी बघितलेला नाही. जहाजावर दोन दिवस उलट्या करून तिसऱ्या दिवशी उठला आणि म्हणाला, "एवढं पाणी, अन् मेंढराला पाजायच्या कामाचं न्हाई?" गोरा साहेबसुद्धा हसला होता, कोणीतरी समजावून सांगितल्यावर.

मारुती का येत नाही, असं युसूफभाई दरसाल विचारतो. मेंढरांमुळे जमत नसेल, असं मी दरसाल म्हणतो... चोराच्या मनात चांदणं. मला कारण ठाऊक होतं.

मिसरमध्ये एका दुपारी जखमी शिपायाला नेताना घामाने माझा हात सुटला. स्ट्रेचर कलंडलं, शिपाई खाली पडला आणि त्याचा बांधलेला पाय पुन्हा मोडला. वाळू एवढी उडत होती की कोणाचा हात सुटला ते साहेबाला दिसलंच नाही. माझ्या मागच्या दांड्यावर मारुती होता, साहेबाने त्यालाच धरलं.

मारुती गप्प राहिला. आणि मीही... त्याला स्ट्रेचरच्या कामावरून काढून परत येईपर्यंत भांडी घासायला बसवलं. आम्हाला दुसरा चौथा मिळाला, पण त्याच्याबरोबर कधी जमलं नाही.

यंदा युसूफभाई हट्टालाच पेटला. "आता बराबर त्याच्या घरीच जाऊ. चला, जल्दी!" सकाळची सर्व्हिस मोटर धरून आम्ही सडकेवर उतरलो आणि तिथून दोन कोस पायी हसनाबाद गाठलं. वाटेत ते दोघे गप्पा मारत होते, मी एरवीचा बोलघेवडा, पण मागे मागेच चालत होतो.

मारुतीच्या अंगणात वेगळाच गोंधळ. त्याची माय दोन दिवसांपूर्वी ओट्यावरून पडली होती, मांडी मोडलेली. जालन्याच्या दवाखान्यात न्यायची तर गाडीबैलाच्या हिसक्यांनी म्हातारी किंचाळायची. मारुतीने बाजेला बांबू बांधले होते, शेजारचे तिघे मदतीला आले होते... आणि म्हातारी कोणाला खांदा लावू देत नव्हती.

"खांद्यावर घेऊ नका रे! मी अजून मेले न्हाई!"

आता हातांवर बाज धरून सडकेपर्यंत दोन कोस कोण चालणार? शेजारी मागे सरले. आम्ही तिघांनी गाठोडी खाली ठेवली आणि न बोलता आपापल्या जागी उभे राहिलो. मारुतीने एकदा आमच्याकडे बघितलं... आणि माझ्या मागचा दांडा धरला.

निघालो. चार माणसं, कदम तोडून. म्हातारीने पहिली पन्नास पावलं देवाचा धावा केला, मग तिला डोळा लागला. एवढी वर्षं गेली, पण त्या चालीत काही चुकलं नाही.

अर्ध्या वाटेवर बाभळीखाली बाज टेकवली. आज बोललो नाही तर जन्मात बोलणार नाही, असं वाटलं. "मारुती... तव्हा हात माझा सुटला होता."

युसूफभाई आणि कोंडिबा बघतच राहिले. मारुती बांबूची दोरी आवळत होता. मान वर न करता म्हणाला, "ठावं हाय. मागंच होतो की मी. तू सांगशील म्हून वाट पाहून राह्यलो होतो."

"मंग येत कामून न्हाईस?" युसूफभाईने विचारलं.

"आलो असतो तर दत्तूसंगं हसून बोलावं लागलं असतं. पोटात एक अन् ओठात एक, ते मला न्हाई जमत."

 मी माफी मागायला तोंड उघडलं, तर बाजेवरून आवाज आला. म्हातारी केव्हाच जागी झाली होती. "झालं असंल तुमचं तर उचला मला. अन् दत्तू, आता तरी नीट धर रे बाबा."

सगळे हसलो. मी रडलोही, सांगायला लाज कसली... मारुतीने डोक्याच्या पटक्याची पट्टी फाडली आणि माझ्या तळहाताला घट्ट गुंडाळली. "घाम लई येतो तुला," एवढंच म्हणाला.

सडकेवर जालन्याकडे जाणारी परतीची मोटर मिळाली. म्हातारी आता जालन्याच्या दवाखान्यात आहे, पायाला फळ्या बांधल्यात आणि तिथल्या बायांवर हुकूम सोडते आहे. आम्ही चौघे आळीपाळीने तिच्याजवळ बसतो.

एका वाक्यासाठी एवढी वर्षं थांबणारा दोस्त मिळाला मला... माझी लायकी नव्हती, तरी मिळाला.