डाव्या कानातला डग्गा

लग्न होऊन मी पेणजवळच्या गडबहून रोह्याला आले, तेव्हा ह्यांच्याकडे, म्हणजे माझ्या नवऱ्याकडे, एक वॉकमन होता. वॉकमनपेक्षा ह्यांना त्याच्या इयरफोनचा जास्त अभिमान. कंपनीतल्या कुणाच्या तरी भावाने ते दुबईहून आणले होते. बारीक काळी वायर, टोकाला कानात बसणारी दोन गोल बटणं, त्यांवर स्पंजच्या टोप्या.

"इथल्या बाजारातले नुसते किणकिणतात," हे सांगायचे. "ह्यात डग्गा ऐकू येतो. तबला कशातही येतो, डग्गा येणं कठीण."

घर दोन खोल्यांचं. टेप लावली की सासूबाईंचं डोकं धरायचं. त्यामुळे हे पहिल्या पाळीवरून आले, चहा झाला, की आम्ही दोघं मागच्या पायरीवर बसायचो. उजवं बटण ह्यांच्या कानात, डावं माझ्या. वायर आखूड, म्हणून डोकी जवळ आणावी लागत. नव्या नवरीला नवऱ्याजवळ बसायला तेवढंच निमित्त.

"आला?" गाण्यात डग्गा घुमला की हे विचारायचे.

"आला," मी म्हणायचे.

मला काही येत नव्हतं. गाणाऱ्या बाईचा वरचा सूर यायचा, घुंगरू यायचे, पण सगळं पातळ, पाणी घातलेल्या ताकासारखं. मला वाटायचं, गाण्यातलं आपल्याला कळत नाही, म्हणून डग्गा कुठला तेही ओळखता येत नाही. विचारायची लाज वाटली.

एकदा शेजाऱ्यांनी हाक मारली म्हणून हे उठून गेले आणि मी दोन्ही बटणं लावली. उजव्या कानात काहीतरी घुमलं. खोल, गोल, थेट छातीत उतरणारं. डग्गा हाच, हे कुणी सांगायची गरज पडली नाही. डावीकडे मात्र तीच किणकिण.

हे परत आल्यावर मी सांगितलं, "अहो, डावं बिघडलंय."

ह्यांचा चेहरा पडला. डावं बटण स्वतःच्या कानात घालून डोळे मिटून बसले. "ठणठणीत हाय. तुझ्या कानात नीट बसत नसंल."

पुढच्या सुट्टीला मला घेऊन हे स्टेशनच्या रस्त्यावरच्या रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे गेले. त्याने दोन्ही बाजू ऐकल्या, मग बटण माझ्या कानाशी धरून पाहिलं.

"वहिनी, कान लहान हाय तुमचा. बटण आणि कान यांच्यात फट राहिली की खालचा आवाज त्या फटीतून निघून जातो. मग मागं किणकिण तेवढी राहते. जाड स्पंज लावा."

ह्यांनी तिथेच आपल्या कानातलं बटण जरासं बाहेर ओढून पाहिलं, तर ह्यांचाही डग्गा गेला. आम्ही दोघं हसलो. केवढं हायसं वाटलं मला! दोष ना इयरफोनचा, ना माझा. फट होती, ती बुजवायची.

ती बुजवण्यात पुढचे कित्येक महिने गेले. आधी जाड स्पंज लावला, मग स्पंजाखाली कापूस घातला. शेवटी मी बोटाने बटण दाबून धरायला लागले. कान हुळहुळायचा, पण डग्गा काही आला नाही. मी मात्र 'आला' म्हणत राहिले.

घरात वेगळंच सुरू झालं होतं. मी चुलीकडे तोंड करून बसलेली असले की सासूबाई एकदम माझ्यासमोर येऊन उभ्या राहायच्या. "कवापासून हाका मारते गो तुला! तोंडाला कुलूप लावलंय काय?" मला एकही हाक ऐकू आलेली नसायची. मला दिवस गेले तसं ते वाढलं. कानात वारा भरल्यासारखा घूं घूं आवाज राहायला लागला. शेजारणी म्हणाल्या, अशा दिवसांत व्हायचंच.

बाळंतपणाला गडबला आले. हायवेला लागून बाबांचं चहाचं आणि पोह्याच्या पापडांचं दुकान होतं, मागे घर. ट्रक आणि एसट्यांच्या आवाजात सगळेच ओरडून बोलत. तिथे मला सगळं नीट ऐकू यायचं, रोह्यातल्या शांत घरापेक्षा चांगलं. रोह्यातली हवाच बाधत असावी, असं मी मनाशी ठरवून टाकलं. लहानपणापासून याच आवाजात वाढलेल्या मुलीचं ऐकणं कमी होत चाललंय, हे कुणाच्या लक्षात येणार होतं?

मुलगी झाली. तिला गाणी ऐकव म्हणून ह्यांनी वॉकमन माझ्याकडे ठेवला.

एका दुपारी जेवून मी उजव्या कुशीवर आडवी झाले. उजवा कान उशीत दबलेला, मुलगी पाठीशी. मला गाढ झोप नव्हती, नुसते डोळे मिटले होते. एकदम आईने खांदा धरून हलवलं. तिचे हात पापडाच्या पिठाने माखलेले.

"अगो, पोर रडून रडून निळी पडली! अंगणापर्यंत आवाज येतो. तुला जवळ असून ऐकू येत नाय?"

मी वळून पाहिलं. मुलीचं तोंड उघडं, मुठी आवळलेल्या, श्वास अडकलेला. मी तिला छातीशी घेतलं. ती शांत झाली.

मुलगी झोपल्यावर मी वॉकमन काढला आणि जे पहिल्या दिवशीच करायला हवं होतं ते केलं. बटणं उलटी लावली. डावं उजव्या कानात, उजवं डाव्या कानात. उजव्या कानात डग्गा घुमला. डाव्या कानात किणकिण. इयरफोन चांगले होते. आणि मुलीचं रडणं ऐकायला मधे बटण नव्हतंच, मग फट कसली?

बाबा मला पेणला कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. त्यांनी एक लोखंडी चिमटा वाजवून कानाजवळ धरला. फार कमी ऐकू आला. तोच कानामागच्या हाडाला टेकवला तर नाद डोक्यात भरला. मग मोठे जाड गाद्यांचे हेडफोन लावून मशीनवर तपासणी झाली. डॉक्टर म्हणाले, आत एक इवलंसं हाड असतं, ते हलायचं तर घट्ट होत चाललंय. डावीकडे जास्त, उजवीकडे थोडं. सुरुवात बारीक असते, वर्षानुवर्षं कळत नाही, बाळंतपणात वाढतं. गोंगाटात बरं ऐकू येणं हेही याचंच लक्षण. मुंबईला ऑपरेशन होतं, पण खात्री कुणी देत नाही.

घरी आल्यावर बाबा म्हणाले, "सासरी बोलू नको. खोट लपवून मुलगी दिली म्हणतील."

"आपण कुठं काय लपवलं, बाबा?"

"ते आपल्याला म्हाईत. त्यांना कोण पटवणार?"

पण पुढच्या रविवारी हे मुलीला बघायला आले तेव्हा मला राहवलं नाही. दुकानामागे बसून सगळं सांगितलं. चिमटा, हाड, मुलगी निळी पडली ते, आणि डग्गा एकदाही आला नव्हता तेही.

ह्यांनी विचारलं, "लग्नाच्या आधीपासून होतं?"

मला वाटलं होतं हे विचारतील, दुखतं का? भीती वाटते का? डॉक्टर काय म्हणाले ते पुन्हा सांग म्हणतील.

"म्हाईत नाय," मी म्हटलं. ते खरं होतं. ह्यांना मात्र ते खरं वाटलं नाही, हे मी त्यांच्या खाली गेलेल्या खांद्यांवरून ओळखलं.

त्यानंतर बरेच रविवार हे आले नाहीत. बाबा दुकानात गिऱ्हाइकांवर चिडायला लागले. आई माझ्याशी मुद्दाम मोठ्याने बोलायची आणि तिचं तिलाच रडू यायचं. शेवटी हे आले ते सासूबाईंना घेऊन. सासूबाईंनी मुलीला मांडीवर घेतलं आणि तिच्या कानाशी टाळी वाजवली. मुलगी दचकली. सासूबाई म्हणाल्या, "हिचं बरं हाय." मग रोह्याला न्यायला माझं सामान भरलं गेलं.

मुलगी शाळेत जायला लागल्यावर डाव्या कानाचं ऑपरेशन झालं. बऱ्यापैकी यश आलं. चक्कर थांबायला वेळ लागला. भांड्यांचा, पावलांचा आवाज अंगावर यायचा. ह्यांनी त्या दिवसांत माझं सगळं केलं, अगदी वेणीसुद्धा घातली. पण गडबच्या दुकानामागे विचारलेला प्रश्न ह्यांनी पुन्हा काढला नाही, आणि मीही नाही. दुसरं मूल आम्ही होऊ दिलं नाही. लोकांना वाटायचं डॉक्टरांनी नको सांगितलं. डॉक्टरांनी तसं काही सांगितलं नव्हतं; त्या प्रश्नानंतर आमचंच धाडस झालं नाही.

उजवा कानही आता डाव्यासारखाच बंद होत चाललाय. मुलगी म्हणते, त्याचंही करून घे. मी बघू म्हणते.