पानमळ्याचा उतार

ओल्या विड्याच्या पानांचा वास आला, की पन्नास वर्षांनंतरही माझी बोटं आपोआप ब्रेक शोधतात.

तेव्हा मी सोलापुरात गिरणीत कारकून होतो. सुट्टीच्या दिवशी भाड्याची सायकल घेऊन एकटाच वैरागकडे निघालो. त्या सडकेवर मोटार दिवसातून एखादीच यायची. नदीकडच्या उतारावर ब्रेकची तार तुटली. पुढच्या चाकावर चप्पल दाबून धरली, तर तिचाच जळका वास यायला लागला आणि वेग मात्र वाढतच गेला. वळणावर सडक सुटली, कुडाचं कुंपण मोडलं आणि मी पानमळ्यात घुसून वेलींत सायकलसकट अडकलो.

मळेकरी विळा घेऊन धावत आला.

"पायतान काडा आदी," तो म्हणाला. "पानमळा हाय ह्यो, देवाची जागा."

मी चपला काढल्या. मग त्याने स्वतःच्याच वेली कापून मला सोडवलं. पुढच्या चाकापासून चार हातांवर बिनकठड्याची विहीर होती. माझं सगळं लक्ष विळ्याकडे होतं, म्हणून तेव्हा मी तिच्याकडे नीट पाहिलंही नाही.

आता पान हातात घेतलं, की फक्त विहीर दिसते.