अक्कलदाढेची रजा

कारखान्यात तिला सगळे मास्टरबाई म्हणत. शाळांचे गणवेश शिवणाऱ्या त्या कारखान्यात कापणीच्या टेबलावर ती एकटीच बाई. साठ थर कापड एकावर एक पसरायचं, वरून खडूने आखायचं, डाव्या हातात लोखंडी जाळीचा मोजा चढवायचा आणि विजेवर चालणारी उभी सुरी आखलेल्या रेघेवरून फिरवायची. हात हलला की साठ पोरांच्या साठ बाह्या आखूड. बावीस वर्षांत तिचा हात दोनदाच हलला होता आणि ते दोन्ही दिवस तिला तारखेनिशी पाठ होते. वय सत्तेचाळीस. लग्न केलं नव्हतं. का नाही, हे विचारण्याच्या भानगडीत आता कुणी पडत नसे. घरात ती आणि आई, संपलं.

अक्कलदाढा दुखायला लागल्या तेव्हा शिलाईवरच्या बायकांना आयतंच सापडलं. "अहो मास्टरबाई, आम्हाला वाटलं तुम्हाला अक्कल कधीच आली असेल!" तीही हसली. पण महिनाभर एका बाजूने चावून, लवंगा धरून, शेवटी ताप आला तेव्हा ती मुकाट्याने दातांच्या डॉक्टरकडे गेली. डॉक्टरने फोटो काढून उजेडासमोर धरला. "खालच्या दोन्ही आडव्या आहेत. हाडात रुतून बसल्यात. एकदमच काढू, दोनदा हाल नकोत."

गुरुवार ते रविवार रजा मिळाली. इतकी सलग रजा तिने आयुष्यात घेतली नव्हती.

तिच्या जिवाला घोर होता तो आईचा, पण त्याचीही सोय होती. आई टपाल खात्यात पत्रं वाटायची. तीस वर्षं खांद्याला पिशवी लावून तिने अख्खा भाग पायाखाली घातला होता. आता अठ्ठ्याहत्तरीत डोक्यातलं बाकी सगळं पुसलं गेलं, चालणं तेवढं उरलं. घरातली विजेची बिलं घेऊन ती शेजाऱ्यांच्या दारात टाकून यायची. एकदा तर चार मैलांवरच्या बसथांब्यावर अनवाणी सापडली. त्यानंतर मावशी ठेवल्या. मावशी म्हणजे नात्यातल्या नव्हेत. म्हाताऱ्या माणसांचं करणाऱ्या, पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. सकाळी आठला यायच्या, संध्याकाळी मास्टरबाई आली की जायच्या. दोन वर्षं झाली. आई न्हालेली, केस विंचरलेले, नखं कापलेली. "मावशी आहेत म्हणून मी उभी आहे," असं मास्टरबाई चारचौघांत सांगायची, आणि ते मनापासून असायचं.

गुरुवारी दाढा निघाल्या. बधिर तोंडात बोळे चावून धरून ती साडेदहालाच घरी पोचली. हातात डॉक्टरचा कागद: थुंकू नका, गरम खाऊ नका, नळीने पिऊ नका, बोलू नका. मावशींनी दार उघडलं आणि क्षणभर दारातच उभ्या राहिल्या. "तुम्ही दुपारी येणार होतात ना, ताई?"

तिने नुसती मान हलवली.

अकराला समोरच्या शाळेची घंटा झाली. आई पलंगावर बसली होती. घंटा ऐकताच तिने दोन्ही हात पुढे केले, मनगटं एकमेकांना जुळवून, जेवायच्या आधी धुतलेले हात मूल दाखवतं तसे. मावशी झटकन पुढे झाल्या, ते हात खाली दाबले. "नाही आजी. आज नको." आणि मास्टरबाईकडे एक चोरटी नजर टाकली. मास्टरबाईचं अर्धं तोंड अजून तिचं नव्हतं. नखं कापायची वेळ असेल, असं तिला वाटलं. ती आतल्या खोलीत जाऊन आडवी झाली.

शुक्रवारी चेहऱ्याचा भोपळा झाला. बर्फाची पिशवी गालाला लावून ती आईच्या खोलीच्या दारात टेकून उभी असतानाच घंटा झाली. आईने पुन्हा हात पुढे केले. मावशी स्वयंपाकघरात होत्या. या वेळी हात खाली करायला कुणी आलं नाही, आणि आईने ते खाली केलेही नाहीत. पाच मिनिटं गेली. हात थरथरायला लागले तरी तसेच पुढे.

"मावशी," आई आत हाक मारून म्हणाली, "उशीर होतोय ना तुला? बांध आणि जा."

मास्टरबाईने जवळ जाऊन आईचं मनगट उजेडात धरलं. चुडा घासून पडतो तसा एक पट्टा होता, चकचकीत, बाकी कातडीपेक्षा उजळ. मग तिने पलंगाच्या लोखंडी दांड्याकडे पाहिलं. एका जागी रंग उडून लोखंड गुळगुळीत झालं होतं. गादीचा कोपरा उचलला. खाली दोन पट्ट्या, नीट घडी घातलेल्या. गडद निळ्या कापडाच्या. कापड कोणत्या शाळेच्या गणवेशाचं, तेही तिने ओळखलं. कापणीतून उरलेल्या काठाच्या पट्ट्या ती पुसायला म्हणून घरी आणायची. पट्ट्यांची कड सरळसोट होती. ती कड तिच्याच सुरीची.

तिने डॉक्टरचा कागद उलटा केला, मागे मोठ्या अक्षरांत लिहिलं, "हे काय आहे?" आणि स्वयंपाकघरात जाऊन तो मावशींसमोर धरला. दुसऱ्या हातात पट्ट्या.

मावशींनी पट्ट्यांकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलंच नाही. "मला कुठं वाचता येतं, ताई."

तेव्हा तिला तोंड उघडणं भाग पडलं. जेमतेम दोन बोटं उघडलं. टाके ओढले गेले.

"कधी... पासून?"

"दीड वर्ष झालं." मावशींनी गॅस बंद केला, पदराला हात पुसले. "माझा माणूस घरी आहे. दोन्ही डोळे गेलेत त्याचे. पहिले सहा महिने मी दुपारची गेलेच नाही. मग तो एकटाच चूल पेटवायला गेला, भाजला. तेव्हापासून अकराला जाते, त्याला खायला घालते, साडेबाराला परत येते. एवढाच वेळ बांधते. नुसतं कुलूप लावून जाऊन बघितलं मी. आजींनी खिडकीची काच फोडली."

काच फुटली होती खरी. वाऱ्याने फुटली, असं मावशींनी तेव्हा सांगितलं होतं.

"मला... सांगायचं."

"सांगून काय केलं असतं तुम्ही?" मावशींचा आवाज चढला नाही. "रजा काढली असती?"

मास्टरबाई काहीतरी ओरडली. शब्द कुणालाच कळले नसते, पण हात दाराकडे होता. हनुवटीवरून रक्ताची धार आली. मावशींनी आपली पिशवी उचलली, कमरेची किल्ली काढून टेबलावर ठेवली.

"आजींची गोळी दह्यातून द्या," जाता जाता त्या म्हणाल्या. "पाण्याबरोबर दिली की थुंकतात."

शनिवार तिने एकटीने काढला. काढला म्हणजे कसा, ते तिलाच माहीत. आई क्षणभर बसत नव्हती. दारापर्यंत जायची, परत यायची, पुन्हा दारापर्यंत. कपडे ओले झाले ते बदलायला वाकलं की सगळं रक्त जबड्यात उतरायचं आणि डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. शाळेला सुटी असल्यामुळे अकराला घंटा झाली नाही, तरी आईने हात पुढे केलेच. मास्टरबाईने ते आपल्या हातांत घेतले. कुरवाळले. आईने झिडकारून टाकले. "वेळ जातोय," ती वैतागून म्हणाली. "काम येत नसेल तर दुसऱ्याला बोलाव."

दुपारी दुखण्याची गोळी घेऊन ती आईच्या पलंगाशेजारी खुर्चीत बसली. खुर्चीतच, ताठ, झोपायचं नाही असं ठरवून. डोळे उघडले तेव्हा पलंग रिकामा होता आणि दार सताड उघडं.

ती होती तशी खाली धावली. अंगात घरातला गाऊन, जबड्याभोवती रुमाल बांधलेला, तोंडातून लाळ. कोपऱ्यावर इस्त्रीवाला दिसला. ती हातवारे करत "आई... आई..." म्हणायला गेली आणि भलताच आवाज निघाला. तो नवीन होता, तिला ओळखत नव्हता. त्याने इस्त्री उभी करून ठेवली आणि लहान मुलाशी बोलावं तसं विचारलं, "आजी, घाबरू नका. कुठं राहता तुम्ही? घरचं कुणी आहे का?"

आई सापडली औषधांच्या दुकानाच्या पायरीवर. तळव्याला काच लागली होती, पण ती मजेत होती. दुकानदाराच्या हातात एक मोठं पाकीट होतं आणि त्याला काय करावं ते सुचत नव्हतं. मास्टरबाईच्या दाढांच्या फोटोचं पाकीट. "महत्त्वाचं आहे," आई त्याला बजावत होती. "सही केल्याशिवाय द्यायचं नाही असा हुकूम आहे."

दुकानदाराने सही केली. मग जखम बांधून दिली. लेकीकडे पाहून आई म्हणाली, "या बाईंचं तोंड बघा हो, केवढं सुजलंय. यांना पण काहीतरी द्या."

रविवारी सकाळी दुखणं कानापर्यंत चढलं. आधीच्या दोन दिवसांचं दुखणं याच्यापुढे लुटुपुटूचं होतं. फोनवर डॉक्टर म्हणाला, "दाढ काढलेली खाच कोरडी पडली असणार. बोललात का फार? आत्ता या, मी थांबतो. औषध भरावं लागेल, दहा मिनिटांचं काम."

आईला नेता येत नव्हतं. पाय टेकवत नव्हता. समोरच्या बाईंचं दार वाजवलं. त्या दाराच्या फटीतून म्हणाल्या, "अर्धा तास सुद्धा नको हो. मागे एकदा त्यांनी मला ढकललं होतं, तेव्हापासून मला धसकाच बसलाय." म्हणाल्या आणि खरंच ओशाळल्या.

मास्टरबाई परत आली. खोलीत उभी राहिली. कपाळाची शीर उडत होती. पाय टेकवत नसला तरी आई रांगत जाईल, खिडकीपर्यंत जाईल, गॅसपर्यंत जाईल. तिने चपला घातल्या, काढल्या, पुन्हा घातल्या. चपलांचा आवाज ऐकून आईने मान वर केली आणि हात पुढे केले.

गादीखाली पट्ट्या नव्हत्या. स्वयंपाकघरात, शुक्रवारी तिने भिरकावल्या होत्या तिथेच पडल्या होत्या. तिने त्या आणल्या. मनगट आणि पट्टी यांत दोन बोटांची जागा सोडली, कफ कापताना सोडतात तशी, आणि गाठ मारली.

आईने हात हलवून पाहिले. "सैल आहे," ती म्हणाली. "निसटेल."

मास्टरबाईने गाठ सोडली आणि एका बोटाची जागा ठेवून पुन्हा मारली.

दवाखान्यात डॉक्टरने खाच धुतली, औषधाची वात आत दाबली. तिच्या डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या. "झालं, झालंच," तो समजूत घालत राहिला. ती त्याच्या डोक्यावरच्या घड्याळाकडे पाहत होती. जाऊन-येऊन पन्नास मिनिटं लागली. ती जिना चढली. दार उघडलं.

आई झोपली होती. अंथरूण ओलं होतं, बोटं जरा फुगली होती. बाकी सगळं जिथल्या तिथे. खिडकी बंद, गॅस बंद, आई पलंगावर.

आपण ढसाढसा रडू, असं तिला जिन्यात वाटलं होतं. तसं काही झालं नाही. तिला हायसं वाटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिने भीतीशिवाय दार उघडलं होतं, आणि ते हायसं वाटणं पुढे किती तरी दिवस तिला दाढेपेक्षा जास्त ठणकत राहिलं. गाठी सोडून तिने आईची बोटं एकेक करून चोळली. आई झोपेतच म्हणाली, "झालं का वाटून?"

दुपारी तिने मावशींना फोन लावला. पलीकडून "हॅलो" आलं आणि हिला शब्द फुटेना.

"ताई, तुम्हीच ना?" मावशी म्हणाल्या. "बोलू नका, टाके उसवतील. पाय कसा आहे आजींचा? औषधवाल्याने सांगितलं मला."

"या," ती एवढंच म्हणाली.

मागे कुणीतरी पुरुष खोकत होता. "उद्या आठला येते," मावशी म्हणाल्या. "पण अकराला मी जाणार, ताई. ते आधीच सांगते."

"हो."

सोमवारी ती कामावर गेली. सूज अर्ध्यावर आली होती. मालकांकडे तिने मधल्या सुट्टीची वेळ अकराची मागून घेतली. खूप आढेवेढे घेऊन आठवड्यातले दोन दिवस मिळाले, मंगळवार आणि शुक्रवार. त्या दोन दिवशी ती धापा टाकत घरी यायची, आईजवळ बसायची. मावशींच्या नवऱ्यालाच दुपारी इकडे आणता येईल का, हेही दोघींनी बोलून पाहिलं, पण आंधळ्या माणसाला तिसऱ्या मजल्यावर चढवणार कोण, इथे ते थांबलं. राहिले चार दिवस.

त्या चार दिवसांसाठी तिने एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत टेबलावर मऊ फ्लॅनेलचा उरलेला तुकडा पसरला. दुहेरी थर, आत कापसाची पातळ गादी, कडा आतल्या बाजूला दुमडलेल्या, घासायला काही नको. खडूने आखून तिने दोनच तुकडे कापले, हाताने, कात्रीने. बावीस वर्षांत तिला कुणी दोन तुकडे कापताना पाहिलं नव्हतं. शिलाईवरची एक बाई डबा हातात घेऊन बघायला आली.

"अय्या, केवढे गोड! कुणाच्या बाळाला?"

"आईला," मास्टरबाई म्हणाली. "मनगटांना."

"हो का. थंडीत दुखतातच हो मनगटं या वयात," ती बाई म्हणाली आणि कापड बोटांत धरून पाहिलं. "मऊ आहे छान. बंद लावताय की बटण?"

मास्टरबाईने जरा विचार केला.

"बटण," ती म्हणाली. "बंद सुटतात."