कोणाचा गोटा?

पुण्याहून निघताना सगळ्यांनी मला वेड्यात काढलं. माझी पीएच.डी. संघर्ष आणि शांतता या विषयावर. इतिहासवाले म्हणायचे समाजशास्त्राकडे जा, समाजशास्त्रवाले कायद्याकडे पिटाळायचे. मी तिन्हीकडून एकेक मार्गदर्शक पदरात पाडून घेतला आणि पोळ्याच्या तोंडावर मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्याला जायला गाडीत बसले.

सौसरला भलत्याच बसमध्ये चढले. ती निघाली जामसांवलीच्या भाविकांची. मारुतीचं दर्शन फुकटात घडलं! पुढे पांढुर्ण्यापर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कपाशी आणि संत्र्यांच्या बागा. संत्री अजून हिरवीच होती.

पांढुर्ण्यात एका शिक्षिकेकडे उतरले. वच्छलाबाई म्हणू त्यांना. त्यांचं माहेर जाम नदीपलीकडे, सावरगावला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीत रोवलेल्या पळसाच्या झेंड्यासाठी ही दोन गावं एकमेकांवर गोटे (दगड) फेकतात. वच्छलाबाईंचे यजमान या काठावर, सख्खा भाऊ त्या काठावर.

"हे भांडण कशावरून?" मी यजमानांना विचारलं.

"भांडण नाही जी. आमी गोटमार खेळून राहिलो."

खेळ म्हणे! गोटमारीच्या दुपारी नदीवर गेले, तर दोन्ही काठांवरून गोटे सुटत होते. काही वेळातच यजमानांना खांद्याला धरून आणलं. कपाळ फुटलं होतं, सदरा रक्तानं भिजला होता. दवाखान्यात टाके पडले.

संध्याकाळी नदीतला झेंडा काढला गेला, गोटे थांबले, आणि वच्छलाबाईंचा भाऊ पूल ओलांडून थेट घरी आला. दोघे शेजारी जेवायला बसले. ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी. भावानं भाकर मोडून यजमानांच्या ताटात ठेवली, "घ्या दाजी." मला राहवेना.

"पण गोटा नेमका कोणाचा..."

वच्छलाबाईंनी मला हाताला धरून चुलीपाशी नेलं.

"ताई, कोणाचा गोटा हे इथं कोणी इचारत नाही. इचारलं का उत्तर द्या लागते. अन् एकडाव उत्तर आलं का माहं माहेर तुटते. तुमी नोका इचारू."

मी परत येऊन भाजी वाढून घेतली. माझा विषय मला सापडला होता, आणि तो कुठल्या खात्यात बसतो याची चिंता त्या ताटावरच संपली.

पुण्यात तिघंही मार्गदर्शक समोर बसले. कायद्याच्या सरांनी सगळं ऐकून घेतलं.

"दगड मारणारा कोण, ते इथं आलेलं नाही."

"विचारलं नाही, सर."

"का?"

"वच्छलाबाईंना दिवाळीला माहेरी जायचंय."