तिचं वाक्य पुरं होण्याआधी

मागच्या रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, नीट विचार करायची सवय कशी लावायची?" मी म्हणाले, यादी करावी, घाई करू नये. याद्या करण्यात मी हुशार आहेच. तुमच्या आजोबांच्या औषधांच्या डब्यांवरच्या चिठ्ठ्या तुम्ही पाहिल्या आहेत. पण खरं उत्तर ते नव्हतं. फोनवर सांगायचा धीर झाला नाही, म्हणून लिहिते.

काही वर्षांपूर्वी आपल्या राजुरीच्या मळ्याशेजारच्या उसात बिबट्या दिसू लागला. तोवर उकाड्यात आम्ही ओट्यावर बाजा टाकून झोपायचो. मी नियम केला: दिवेलागणीनंतर सगळे आत, दाराला कडी. आत सगळ्या बाजा मावेनात, म्हणून तुमची धाकटी आजी, माझी जाऊ, कांद्याच्या वखारीला लागून असलेल्या खोलीत जमिनीवर अंथरूण टाकू लागली. तिथल्या दाराची कडी मी रोज स्वतः हात लावून बघत असे.

एका सकाळी ती पोट धरून स्वयंपाकघरात आली. आदल्या दिवशी पाहुणे होते, मासवडीचा झणझणीत रस्सा केला होता.

"अक्का, पोटात लई कळ मारतीया. राती मला..."

"रस्सा बाधला. दोन वाट्या ओरपल्यास, मी बघत नव्हते का?"

"बघा, बघा. माहेरी, मढ गावाला, चार वरपते मी." ती कशीबशी हसली. मी लिंबू-सोडा करून हातात दिला आणि भाकरीकडे वळले.

तासाभरानं दीर दारात आले. "वहिनी, हिची पापणी वर व्हईना."

"पोटदुखीनं झोप झाली नसेल," मी म्हणाले. माझ्या एका उत्तरात सगळं नीट बसत होतं, त्यामुळे दुसरं शोधायची मला गरजच वाटली नाही. मग तिला पाणी पाजायला गेले, तर ते गिळवेना. ओठांच्या कडेनं खाली ओघळलं. भाकरी तव्यावर जळत राहिली आणि आम्ही गाडी काढली.

तालुक्यातल्या दवाखान्यात डॉक्टरांनी तिचे डोळे पाहिले. "रात्री कुठं झोपल्या होत्या?"

तिला बोलता येत नव्हतं. मी सांगितलं, "घरातच. कडी लावलेली होती. बिबट्याचा प्रश्नच नाही."

"बिबट्याचं नाही विचारलं, बाई. खाटेवर की जमिनीवर?"

"जमिनीवर."

मण्यार, ते म्हणाले. हा साप रात्री अंथरुणात शिरतो. चावला तरी फारसं दुखत नाही, खूणही दिसेलच असं नाही. सकाळी पोट दुखतं, पापण्या जड होतात. यातलं मला काहीच नवीन नव्हतं. शाळेत शिकवत होते तेव्हा हाच धडा मी मुलांना मोठ्यानं वाचून दाखवला होता. पण त्या महिन्यात आमच्या घरात भीतीला एकच नाव होतं, आणि त्याच्यासाठी मी दार बंद केलं होतं.

तिथं इंजेक्शनं सुरू करून तिला मोठ्या दवाखान्यात हलवलं. चार दिवस ती श्वासाच्या यंत्रावर होती. बाहेरच्या बाकावर मी बसून असायची, आणि मला ना बिबट्या आठवायचा ना साप. आठवायचं ते तिचं अर्धं राहिलेलं वाक्य.

नळी काढल्यावर दुसऱ्या दिवशी, घोगऱ्या आवाजात, तिनं ते पुरं केलं. "राती मला पायाला कायतरी टोचलं व्हतं, अक्का. तेच सांगत व्हते तुमाला."

आवाजात तक्रार नव्हती. असती तर बरं वाटलं असतं.

मुलांनो, माझं उत्तर अजूनही समोरच्याच्या आधी तयार असतं. वय झालं म्हणून ती खोड गेलेली नाही. फक्त ते मी आता तोंडात धरून ठेवते आणि विचारते, "मग पुढं?" तुमच्या कामात, परदेशातल्या माणसांत, याहून मोठं काही मी तुम्हाला शिकवू शकेन असं वाटत नाही.

धाकटी आजी आता बाजेवर झोपते, मच्छरदाणी चारी बाजूंनी गादीखाली खोचून. सकाळी चहाला आली की मुद्दाम म्हणते, "आज कायबी टोचलं न्हाई, अक्का."

मला हसू येत नाही. मी गॅस बारीक करते, तिच्याकडे तोंड करून उभी राहते, आणि तिचं सगळं सांगून होईपर्यंत चहा गाळत नाही.