पाकळी राहत नाही असा देव

आमच्या गावचं देऊळ पाडून नवं बांधलं. जुनं चिऱ्याचं, कौलारू आणि इतकं बुटकं होतं की आत जाताना मान वाकवावी लागे. नव्याचा कळस खाडीपलीकडच्या रिसॉर्टातूनही दिसतो. ग्रॅनाइट रिसॉर्टवाल्यांनीच दिलं. पायऱ्यांवर त्यांच्या कंपनीचं नाव आहे. कमानीवर आमदाराचं नाव देवाच्या नावाहून ठळक आहे. तो मजकूर मीच लिहून दिला होता. तेव्हा त्यात मला काही वावगं वाटलं नाही.

आमच्याकडे मोठी गोष्ट देवाचा कौल घेतल्याशिवाय होत नाही. गुरव पाषाणाच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. जुन्या खडबडीत पाषाणावर कधी अर्धा तास जाई. तेवढ्या वेळात माणूस आपल्याच प्रश्नाकडे नीट बघून घेई. नवी मूर्ती मात्र आरशासारखी घासलेली आहे.

गेल्या वर्षी धाकटा भाऊ मासेमारीला गेला. होडी मिळाली, तो मिळाला नाही. काही महिन्यांनी नातेवाईक म्हणाले, दर्भाचा पुतळा करून क्रिया उरका. आई म्हणाली, कौल घेतल्याशिवाय नाही.

गुरवाने पाकळ्या लावल्या. "बा देवा म्हाराजा, ह्या घरचो झील दर्यात गेलो..."

"होय म्हाराजा," आम्ही म्हणेपर्यंत दोन्ही पाकळ्या एकदमच घसरल्या. त्याने मूर्ती पुसली, पुन्हा लावल्या. या वेळी डावी पडली. तिसऱ्यांदा उजवी.

मागे रिसॉर्टचे पाहुणे मोबाइल धरून उभे होते. देवस्थान समितीचा माणूस पुढे आला. "पॉलिश आसा गे काकी, पाकळी ऱ्हवाची नाय. उजवी पडली मा? होकार धरा."

"धरूचो कित्याक?" आई म्हणाली. "घाई तुमका आसा, देवाक नाय. एवढा मोठा देऊळ बांधलास, नि एक पाकळी ऱ्हवाक जागा नाय?"

मी शिकलेला माणूस. भाऊ परत येणार नाही हे मला कळत होतं. तरी तिथे उभा असताना ती उजवी पाकळी मलाही नको होती.

क्रिया अजून झालेली नाही. सकाळी भावाची बायको आरशापुढे बसते, कुंकवाची डबी उघडते आणि आईकडे बघते. आई काही म्हणत नाही. मग ती कुंकू लावते.