चार फुल्या आणि खालची वाडी

मालतीताई गेल्याचं कळलं तेव्हा आम्ही धरणग्रस्त समितीच्या कर्जतच्या खोलीत फलक रंगवत होतो. निरोप आणणाऱ्याला कुणीतरी म्हणालं, "अरेरे... बस, चहा घे." आणि ब्रश पुन्हा डब्यात बुडाले. माझाही. त्याला महिना होऊन गेला. आता समिती श्रद्धांजलीचं पत्रक काढते आहे, त्यात ताई "आमच्या मार्गदर्शक" आहेत म्हणे! समितीची पत्रकं मीच लिहिते. हे मात्र लिहिणार नाही.

ताई कॉलेजात गणित शिकवायच्या. खालापूरकडच्या आमच्या खोऱ्यात धरण भरल्यावर कुठल्या घरापाशी किती पाणी चढेल, ते त्यांनी मुंबईच्या एका संस्थेतल्या संगणकावर स्वतः प्रोग्राम लिहून काढलं. त्या निकालाची फ्लॉपी मोहोपाड्याला आणली. तिथल्या कॉलनीत एका इंजिनिअरकडे पीसी होता. त्यावरच्या स्प्रेडशीटमध्ये आकडे घ्यायचे, ज्या घरापुढे पाण्याची खोली शून्यापेक्षा जास्त दिसेल ते बुडणारं, आणि तेवढ्याच घरांची यादी खालापूरच्या सरकारी सुनावणीत द्यायची, असं ठरलं. पुनर्वसन त्या यादीवरच ठरणार होतं. यादीत नावं नव्हती, नुसते घरनंबर. आम्ही कुणीही ती वाचली नाही. दिली, आणि घोषणा देत परत आलो. ताईंनी मात्र घरी प्रोग्रामचा छापील तक्ता आणि ही यादी शेजारी ठेवून ओळीमागून ओळ ताडून पाहिली. ओढ्याकाठची, सगळ्यात खोलातली खालची वाडी यादीत नव्हतीच.

झालं होतं असं, की प्रोग्राममध्ये खोलीच्या आकड्याला ताईंनी दशांशचिन्ह धरून चारच अक्षरांची जागा ठेवली होती. पाणी दहा मीटरच्या वर गेलं की आकडा तिथे मावेना, आणि संगणक आकड्याऐवजी चार फुल्या छापायचा. स्प्रेडशीटच्या लेखी फुल्या म्हणजे अक्षरं, आणि अक्षरांची किंमत शून्य. जी घरं सगळ्यात खोल बुडणार, तीच कागदावर कोरडी राहिली.

"यादी मागे घ्या. चूक माझी आहे," ताई समितीच्या बैठकीत म्हणाल्या.

"आता मागे घेतली तर सगळीच यादी खोटी ठरवतील," अध्यक्ष म्हणाले. "खालच्या वाडीचं मागाहून बघू."

"मागाहून म्हणजे? पाण्यात?"

"तुमच्या फुल्या तुम्हीच वेचा मग, ताई!" मागून कुणीतरी टोमणा मारला, आणि आम्ही हसलो.

ताई एकट्या एसटीने खालापूरला गेल्या. भर सुनावणीत उभ्या राहून म्हणाल्या, हा तक्ता माझा आहे आणि तो चुकला आहे. सुनावणी पुढे ढकलली गेली, घरवाल्यांच्या नावांसकट दुरुस्त यादी लागली, खालची वाडी तीत आली. बाहेर आमचेच लोक त्यांना फितूर म्हणाले. पुढे त्यांना बैठकीला बोलावणंच बंद झालं. आणि आमचं पुढचं पत्रक निघालं: समितीच्या दक्षतेमुळे खालच्या वाडीला न्याय! ते वाक्य माझं. आज ते वाचताना तोंड कुठे लपवू असं होतं.

त्यानंतर यादी कधीही बदलली, की ताई ती घेऊन स्वतःहून वाडीत जात. कुणाच्या तरी ओट्यावर बसून एकेका घराचं नाव मोठ्याने वाचत. घरातलं माणूस "हाय" म्हणे, तेव्हाच पुढची ओळ. हे आम्हाला माहीतही नव्हतं... गेल्या आठवड्यात वाडीतली भागीरथीबाय समितीच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली, तेव्हा कळलं.

"यादी पुन्ना बदलली म्हनं. बाय कुठं हाय? आमची नावं तीच वाचते."

ताई गेल्याचं वाडीला कुणी कळवलंच नव्हतं. मी सांगितलं.

ती उंबऱ्यावरच बसली. "कवा गं?"

"महिना झाला."

"आनी आमाला आत्ता सांगतंस?"

पदराने तोंड पुसून ती म्हणाली, "वाच मंग तू."

मी यादी काढली, तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि पहिल्या घराचं नाव वाचलं.

"हाय," ती म्हणाली. माझ्याकडे न बघता.